‘काया’ म्हणजे शरीर की काळा?

रात्री साडेनऊच्या सुमारास कुठल्याही हॉस्टेलच्या गॅलरीत जरा कान देऊन उभे राहा. कुणी गंगापूर रोडला राहत असेल, कुणी कॉलेज रोडला, कुणी पंचवटीत कॉट बेसिसवर. घरून फोन येण्याची ही वेळ. दिवसभर ‘अरे यार, असाइनमेंट सबमिट केली का’ म्हणणारा तुमचा सटाण्याचा रूममेट कोपऱ्यात जातो आणि एकदम वेगळाच माणूस होतो. ‘हां माय, जेवन व्हयनं. आयतवारले घर येसू.’ दोन मिनिटांनी फोन खिशात आणि गडी परत ‘अरे यार’वर.

तुम्ही विचारलंत, ‘काय बोलत होतास रे?’ तर तो हसून म्हणेल, ‘काही नाही, आमची गावठी.’

हा ‘गावठी’ शब्द आजच्या लेखाचा विषय आहे. ज्या भाषेला तो गावठी म्हणतो, तिला नाव आहे. अहिराणी. तिला स्वतःचं व्याकरण आहे, शब्दकोश आहे, आणि जनगणनेच्या तक्त्यात वेगळी जागाही आहे. आपल्या नाशिक जिल्ह्याचा उत्तरेकडचा मोठा पट्टा, म्हणजे मालेगाव, बागलाण, देवळा, कळवण, नांदगावचा काही भाग, तिच्यात रोजचं जगणं जगतो. आणि नाशिक शहरातल्या सिडको-सातपूरच्या कितीतरी घरांत, दार लावून का होईना, ती बोलली जाते.

तुम्ही ती बोलत असाल, तर पुढचं वाचताना ‘हे तर माहितीये’ म्हणाल. बोलत नसाल, तर शेजारच्या बेंचवरच्या माणसाची भाषा निदान थोडी कळेल. दोन्हीत फायदाच आहे.

आधी एक छोटी टेस्ट

मराठीत ‘काया’ म्हणजे शरीर. अहिराणीत ‘काया’ म्हणजे काळा. ‘काया कुत्रा’ ऐकून मनात काही भलतंच चित्र उभं राहिलं असेल, तर चूक तुमची नाही. नियम माहीत नव्हता, एवढंच.

नियम अगदी सोपा आहे. प्रमाण मराठीतला ‘ळ’ अहिराणीत बहुतेक वेळा ‘य’ होतो. शाळा ती शाया. डोळा तो डोया. जवळ ते जवय. एकदा ही किल्ली हातात आली की अर्ध्या शब्दांची कुलपं आपोआप उघडतात. ‘त्याले ळ म्हनता येत नही’ असं हसून सांगणारे लोक असतात. पण हा जिभेचा दोष नाही. एका माणसाचा उच्चार चुकू शकतो. लाखो माणसं पिढ्यानपिढ्या एकाच जागी, एकाच पद्धतीने ‘चुकत’ असतील, तर त्याला नियम म्हणतात.

दुसरा शब्द घ्या, ‘मना’. मराठीत ‘मनाई’वाला मना, किंवा हाक मारलेलं मन. अहिराणीत ‘मना’ म्हणजे माझा. मना भाऊ, मनी बहीन, मनं घर. तसंच तुना, तुनी, तुनं. ‘तुनं नाव काय शे?’ म्हणजे तुझं नाव काय आहे? इथला ‘शे’ हा ‘आहे’. गुजराती मित्र असेल तर तो लगेच कान टवकारील, कारण त्याच्याकडे ‘छे’ आहे. ‘घरमा’ म्हणजे घरात, गुजरातीतही तसाच ‘मां’. आणि ‘ना-नी-नं’ तर उघडच तिकडच्या ‘नो-नी-नुं’चे सख्खे वाटतात. मग ‘माले’, ‘तुले’, म्हणजे मला, तुला. हा ‘ले’ विदर्भाकडच्या मित्राच्या ओळखीचा निघेल.

म्हणजे ही भाषा नकाशावर जिथे आहे, तिथेच व्याकरणातही आहे. एका बाजूला गुजरात, एका बाजूला वऱ्हाड, पाठीशी सातपुडा, आणि पायाशी आपण.

तिसरा शब्द. काही वर्षांपूर्वी केसांवर फुगे विकणाऱ्या एका बबल्याचं गाणं आठवतंय? लग्नात, गणपतीत, गॅदरिंगला वाजलं नाही अशी जागा नव्हती. पुण्या-मुंबईची पोरंही त्यावर नाचली. पण त्यातल्या ‘इकस’चा अर्थ किती जणांना कळला होता? ‘इकस’ म्हणजे विकतो. आणि ‘केसावर’ म्हणजे डोक्यावर ठेवलेले फुगे नव्हेत. गावात फेरीवाला येतो, बायका विंचरताना गळलेले, जपून ठेवलेले केस त्याला देतात, आणि त्या बदल्यात पोरांना फुगा मिळतो. भंगारवर बटाटे, जुन्या कपड्यांवर भांडी, तसे केसांवर फुगे. एका ओळखीच्या अक्षरात, ‘वर’मध्ये, गावातला एक आख्खा धंदा बसलाय. शब्दाचा अर्थ डिक्शनरीत असतो, पण कधी कधी तो दारावर आलेल्या सायकलवरही असतो.

‘करस’मध्ये मुलगा-मुलगी नाही

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, पेपरला येणार नाही.

मराठीत मुलगा म्हणतो ‘मी जातो’, मुलगी म्हणते ‘मी जाते’. अहिराणीत दोघंही म्हणतात ‘मी जास’. मी करस, तू करस, तो करस. एकच रूप. मराठीत वाक्याचं पहिलं क्रियापद उच्चारलं की बोलणारा कोण ते कळतं; इथे नाही कळत. अर्थात सगळीकडे असं नाही. ‘काय करतोयस?’ विचारायचं तर मुलाला ‘काय करी ऱ्हायना?’ आणि मुलीला ‘काय करी ऱ्हायनी?’ असा फरक आहेच. भूतकाळातही आहे. ‘पाव्हना ऊना’, म्हणजे पाहुणा आला. ‘पाव्हनी ऊनी’, पाहुणी आली. ‘बठ्ठा उनात का?’ म्हणजे सगळे आले का?

मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी म्हणजे आंडेर. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे. ‘हाई काय शे?’ म्हणजे हे काय आहे?

हे वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की अहिराणी म्हणजे ‘मराठी, पण जरा रांगडी’ असा हिशेब बसत नाही. उच्चार बदलले की झाली अहिराणी, असंही नाही. प्रत्यय वेगळे, क्रियापदाची रूपं वेगळी, काही शब्द अगदी स्वतंत्र. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांचं जे प्रचंड सर्वेक्षण केलं, त्याच्या १९०७ मध्ये निघालेल्या खंडात त्यांनी खानदेशीला मराठीच्या बोलींबरोबर न ठेवता भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं होतं. त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्याकडचे अनेक जण तिला मराठीची बोलीच मानतात. भाषा की बोली, हा वाद सेमिनारवाल्यांना करू द्या. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की ‘बिघडलेली मराठी’ या उत्तराला कुठल्याच बाजूने कुणी मार्क देत नाही.

जाता जाता एक गैरसमज. ‘अहिराणी म्हणजे बहिणाबाईंची भाषा ना?’ असं हमखास विचारलं जातं. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांच्या कवितेची भाषा लेवा गणबोली. अहिराणीची शेजारीण म्हणा, पण तीच नव्हे. खानदेश म्हणजे एकच बोली असं समजणं म्हणजे नाशिक म्हणजे फक्त द्राक्षं असं समजण्यासारखं आहे.

नाव आलं कुठून?

यासाठी फार लांब जायची गरज नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. सेल्फी काढून झाला की १० नंबरच्या लेण्यात थोडं थांबा. तिथल्या ब्राह्मी लेखांमध्ये एक लेख आहे राजा ईश्वरसेन याच्या काळातला. त्याच्या राज्याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली, असं त्यात कोरलेलं आहे. साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली गोष्ट. हा ईश्वरसेन स्वतःला आभीर म्हणवतो. आभीर, अहीर, आणि अहिरांची ती अहिराणी, अशी या नावाची वाट सांगितली जाते.

याचा अर्थ ईश्वरसेन ‘काय करी ऱ्हायना’ असं बोलायचा, असा अजिबात नाही. भाषा तेव्हा फार वेगळी होती. पण ज्या नावाला आपण ‘गावठी’ म्हणून झटकतो, ते नाव आपल्या शहरातल्या दगडावर सतराशे वर्षांपूर्वी राजाच्या नावासोबत कोरलेलं आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या वेळी पांडवलेणीला पाहुणे घेऊन गेलात की सांगायला बरी पडेल.

मेन्यू कार्डवर चालते, व्हायवात नाही

आता जरा गंमत बघा. नाशिकमध्ये खानदेशी जेवणाला तोटा नाही. शेवभाजी, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, डुबुकवडे, फुनके, खापरावरचे मांडे. हॉटेलच्या बोर्डावर ‘अस्सल खानदेशी’ लिहिलं की गर्दी होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सिडकोत कानबाई बसते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत निघते. त्याच्या बातम्या आणि फोटो दर वर्षी असतात. गाणी तर रील्सवर कोटींनी बघितली जातात.

म्हणजे खाण्यातली अहिराणी चालते. सणातली चालते. नाचण्यातली तर पळते. अडतं कुठे? बोलण्यात. वर्गात हात वर करून प्रश्न विचारताना, प्रेझेंटेशनला, व्हायवाला, इंटरव्ह्यूला, आणि हो, जिच्यावर इंप्रेशन मारायचंय तिच्यासमोर.

नामं टिकतात आणि क्रियापदं लाजतात, असं काहीसं होतंय. ‘डुबुकवडे’ हा शब्द हॉटेलवाला जगवेल, काळजी नको. पण ‘येसू’, ‘जासू’, ‘व्हयनं’ यांना जगवायला हॉटेल उपयोगाचं नाही. त्यांना दोन माणसं लागतात, समोरासमोर, न लाजता बोलणारी.

आणि लाज आपोआप येत नाही. ती शिकवली जाते. सिरियलमध्ये डॉक्टर आणि वकील कुठल्या मराठीत बोलतात आणि गडी, मोलकरीण, हवालदार कुठल्या मराठीत बोलतात, ते आज रात्री नीट ऐका. फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात कुणी ‘माले माहीत नही’ म्हटल्यावर मागच्या बेंचवरून येणारं खिदळणं आठवा. हसणारे दोन मिनिटांत विसरतात. ज्याच्यावर हसले, तो तीन वर्षं तोंड उघडताना आधी मनात वाक्य दुरुस्त करून घेतो. त्या दुरुस्तीत जो अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात प्रश्नाचं उत्तर दुसरा कुणी देऊन मोकळा होतो. मार्क कुणाचे गेले?

दूर देशातलं असंच एक घर

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. फिलिपिन्समधली सेबुआनो भाषा बघा. तिकडचे लोक तिला बिसाया असंही म्हणतात. आपल्याकडचे बरेच विद्यार्थी मेडिकलसाठी फिलिपिन्समध्ये दावाओला जातात. तिथे वर्गात इंग्रजी असते, पण वॉर्डात आणि रस्त्यावर हीच भाषा. सेबू बेट हे तिचं माहेर. बोलणारे दोन कोटींच्या आसपास.

दोन कोटी म्हणजे काही लहान भाषा नाही. पण १९३७ मध्ये तिथल्या राष्ट्रभाषेचा पाया म्हणून निवड झाली टागालोगची, म्हणजे राजधानी मनिलाच्या परिसरातल्या भाषेची. पुढे पुस्तकं, सिनेमा, टीव्ही, सगळं तिकडे झुकलं. आणि मग ओळखीची गोष्ट घडली. मनिलाच्या सिनेमा-सिरियलमध्ये बिसाया ढंगात बोलणारं पात्र म्हणजे बहुतेकदा घरकामाची बाई किंवा हसण्यापुरता माणूस. सेबूची मुलं मनिलात गेली की उच्चार लपवायला शिकतात. तिथलाही शब्द जवळपास हाच: ती भाषा नाही हो, ती बोली.

दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, तरी रोजच्या शब्दांत गमतीजमती आहेत. ‘लांगाम’ म्हणजे सेबुआनोत पक्षी आणि टागालोगमध्ये मुंगी. आपल्या ‘काया’सारखंच झालं की नाही? सेबुआनोत ‘आंबोत’ म्हणजे ‘काय माहीत, मला नाही ठाऊक’. आणि ‘कुआन’ हा त्यांचा सगळ्यात कष्टाळू शब्द. नेमका शब्द आठवला नाही की तिथे कुआन टाकायचा, जसं आपण म्हणतो, ‘अरे ते… हे दे ना… ते’. प्रत्येक भाषेत असा एक हमाल शब्द असतो. बाकीचे शब्द दमले की तो ओझं उचलतो. ‘साकित’ म्हणजे दुखणं, ‘आसा’ म्हणजे कुठे. मेडिकलला गेलेल्या आपल्या मुलांना हे दोन शब्द पाठ करावेच लागतात, कारण पेशंट इंग्रजीत कण्हत नाही.

याच ठिकाणी गोष्ट परत नाशिकला येते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. मेडिकल, नर्सिंग, फार्मसीची मुलं वाचकांत असतीलच. उद्या तुमच्यासमोर मालेगावच्या बाजूची एखादी धल्ली माय, म्हणजे म्हातारी आई, बसेल आणि म्हणेल, ‘पोटमा दुखी ऱ्हायनं.’ एवढं तर कळेल. पण पुढे ती कधीपासून दुखतंय, काय खाल्लं, आधी काय झालं, हे सगळं याच भाषेत सांगणार. दावाओला जाऊन आपण पेशंटसाठी परकी भाषा शिकतो आणि त्याचं कौतुक होतं. मग ९० किलोमीटरवरच्या सटाण्याच्या पेशंटची भाषा येणं हे कमीपणाचं कसं? ज्याला ती घरूनच येते, त्या वर्गमित्राकडे ते स्किल आहे. सीव्हीवर ‘लँग्वेजेस नोन’ असा रकाना असतो ना, त्यात तो फक्त मराठी, हिंदी, इंग्लिश लिहून मोकळा होतो.

हेच पत्रकारितेला लागू, बँकेला लागू, कृषी सहायकाच्या नोकरीला लागू. कांद्याचा शेतकरी लिलावाच्या ओट्याशी आपसात बोलतो ते प्रमाण मराठीत बोलत नाही.

सेबूच्या लोकांनी काही हात बांधून बसणं पसंत केलं नाही. १९७२ मध्ये जॉन वुल्फ या भाषाशास्त्रज्ञाचा भलामोठा सेबुआनो शब्दकोश निघाला. २०१२ पासून फिलिपिन्सच्या शाळांत पहिली काही वर्षं मुलांच्या घरच्या भाषेत शिकवायला सुरुवात झाली, त्यात सेबुआनोही होती. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा कायदा आला आणि ती सक्ती संपली. बारा वर्षांत दार उघडलं आणि परत लोटलंही गेलं. सरकार दार उघडतं तसं बंदही करतं. घरातली भाषा मात्र घरातल्यांच्याच हातात राहते.

आपल्याकडेही कामं झालीत. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणी शब्दकोश केला. सटाण्याचे डॉ. सुधीर देवरे यांनी अहिराणी लोकसाहित्य गोळा केलं, ‘ढोल’ हे अहिराणी नियतकालिक चालवलं. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड २०१३ मध्ये आला, त्यातही अहिराणीला जागा आहे. म्हणजे लायब्ररीत विचारायला नावं आहेत. प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरणाऱ्यांनी इकडे बघायला हरकत नाही.

दहा वर्षांत दुप्पट आणि मग कमी

आता आकड्यांकडे येऊ. जनगणनेत अहिराणी ही ‘खानदेशी’ या भाषेखाली मोजली जाते. १९९१ मध्ये खानदेशी सांगणारे होते सुमारे ९ लाख ७४ हजार. २००१ मध्ये ते झाले २० लाख ७५ हजार. आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजार.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. दहा वर्षांत दुपटीहून जास्त, आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी कमी. इतकी बाळं एकदम जन्मली नाहीत आणि इतकी माणसं एकदम नाहीशीही झाली नाहीत. बदललं ते उत्तर. प्रगणक दारात आला, त्याने विचारलं ‘मातृभाषा?’ आणि कुणी अहिराणी सांगितलं, कुणी ‘लिहा मराठी’ म्हटलं. काही ठिकाणी प्रगणकाने न विचारताच लिहून टाकलं असेल, तेही शक्य आहे. आकडा भाषेचा दिसतो, पण त्याच्या आत त्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा संकोच मोजलेला असतो.

आता पुढची जनगणना आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. या वेळी ती डिजिटल आहे, आणि स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही आहे. म्हणजे घरात मोबाइल ज्याच्या हातात, फॉर्म त्याच्या हातात. आणि तुमच्या घरात मोबाइल कुणाला जास्त कळतो, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून जनगणनेतली मातृभाषेची व्याख्या माहीत असू द्या. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली, ती तुमची मातृभाषा. आई लवकर गेली असेल, तर लहानपणी घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. शाळेचं माध्यम कुठलं, राज्य कुठलं, पुस्तकं कुठल्या भाषेत वाचता, याचा काही संबंध नाही. आणि त्यापुढे येणाऱ्या इतर दोन भाषाही नोंदवता येतात. पहिल्या रकान्यात अहिराणी लिहिलं म्हणून मराठीशी गद्दारी होत नाही. तिची जागा पुढच्या रकान्यात आहेच. उलटही खरं. सिडकोत वाढलेल्या ज्या मुलांशी आई मराठीतच बोलली, त्यांची मातृभाषा मराठीच. पण आजीशी बोलण्याइतकी अहिराणी येत असेल, तर ती ‘इतर भाषां’त लिहायला काय हरकत आहे? खरं तेच सांगायचं. लाजून कमी नाही आणि अभिमानाने फुगवून जास्तही नाही.

हेच सुरगाण्या-पेठच्या कोकणी आणि डांगी बोलणाऱ्या मित्रांनाही लागू आहे, इगतपुरी-त्र्यंबककडच्यांनाही लागू आहे. नाशिक जिल्ह्यात भाषेचा नकाशा तालुक्यागणिक रंग बदलतो.

या सुट्टीत करता येईल असं

फॉर्म भरायला वेळ आहे. तोवर एक काम करा. घरी गेलात की आजी-आजोबांच्या शेजारी मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून बसा. परवानगी घेऊन, अर्थातच. ‘आजी, अहिराणी शब्द सांग’ असं विचारू नका. कुणालाच असे शब्द आठवत नाहीत. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. बैलाच्या साजात काय काय असतं? बाजरी काढल्यापासून भाकर थापेपर्यंत काय काय करायचात? कानबाईच्या रोटाचं दळण कसं करतात? तुझ्या लग्नात कोण रुसलं होतं? शेवटच्या प्रश्नाला किमान वीस मिनिटं रेकॉर्डिंग मिळेल, याची खात्री बाळगा.

मग ऐकताना शब्द एकटा लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा. ‘ऊनी’ म्हणजे ‘आली’ एवढं लिहून ठेवलं तर ते दोन महिन्यांनी तुम्हालाच निरर्थक वाटेल. ती कोण आली, कधी आली, कुणी सांगितलं, ते सोबत हवं. आवाज जसा ऐकू येतो तसाच लिहा. ‘शाया’ला दुरुस्त करून ‘शाळा’ करू नका. गाव आणि तालुका लिहा, कारण बागलाणची अहिराणी आणि मालेगावची अहिराणी यांत फरक पडतो, आणि त्यावरून घरात वादही होतील. होऊ द्या. वाद होतोय म्हणजे भाषा जिवंत आहे.

आणि हॉस्टेलवाल्यांसाठी एक त्याहून सोपं काम. आज रात्री रूममेटचा फोन संपला आणि तो परत ‘अरे यार’वर आला, की त्याला विचारा, ‘काय भो, जेवन व्हयनं का?’

उच्चार चुकेल, तो हसेल. हसू द्या त्याला. इतके दिवस उलटं चाललं होतं.